उत्तरेचे सोवळे

हॅरिएट बीचर स्टो या अमेरिकन लेखिकेची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गुलामगिरीविरुद्ध लोकमत पेटविणारा ग्रंथ म्हणून तिचे नाव आपल्याकडील शाळाकॉलेजांतूनही आदराने घेतले जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील मळेवाले तेवढे क्रूर आणि उत्तरेकडचे लोक तेवढे दयाळू, असे या कादंबरीचे सार आहे, अशी ती न वाचलेल्या पुष्कळांची समजूत असते. वाचणाऱ्याला मात्र तीत वेगळेच काही आढळते. टॉमला मरेपर्यंत मारविणारा सायमन लेग्री हा निर्दय मळेवाला जन्माने दक्षिणेचा नव्हे. तो उत्तरेतील न्यू इंग्लंडकडून आलेला आहे. आणि त्याच कादंबरीत मिस ओफेलिया नावाची एक प्रौढ कुमारिका आहे. तीही उत्तरेचीच, व्हर्माँट संस्थानातली. गुलामगिरी हे घोर पाप आहे असे ती आपल्या दक्षिणेतील चुलतभावाला उठताबसता ऐकवीत असते. परंतु टॉप्सी नावाची एक काळी पोर जेव्हा तिच्याच हवाली केली जाते, तेव्हा त्या पोरीच्या अंगाला हात लावणे बाईंच्या जिवावर येते. तो चुलतभाऊ मग हा सगळा दंभ तिच्या पदरात मोजून घालतो.

मिस ओफेलियाच्या मनातील ही भावना मराठी माणसाला समजावून द्यावी लागत नाही. तिच्यासाठी ‘विटाळ’ हा एक शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासून तयार आहे.

दक्षिण म्हणजे अंधार व उत्तर म्हणजे उजेड ही जी अमेरिकेची प्रतिमा जगभर पसरली, तिला आधार नव्हता असे नाही. १८६१ ते १८६५ हे यादवी युद्ध उत्तरेने जिंकले आणि त्याच वर्षी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने बंद झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे आपले पुस्तक अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केले, ते याच कृतज्ञतेपोटी. त्यांचा तो गौरव अस्थानी होता असे कोणी म्हणणार नाही. दक्षिणेचे पाप पुढे शंभर वर्षे उघड्यावर चालू होते, हेही खरे. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून मिसिसिपीत नातलगांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली. सर्व गोऱ्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. आणि पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका मासिकाला आपल्या कृत्याची हकीकत सांगून पैसे घेतले. सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मृत्युमुखी पडल्या. अशा प्रदेशाची तरफदारी करण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, या प्रदेशाकडे बोट दाखविणाऱ्यांचे हात कितपत धुतलेले होते?

बोस्टन हे शहर गुलामगिरीविरोधी चळवळीची काशी. विल्यम लॉइड गॅरिसन यांचे ‘लिबरेटर’ हे पत्र १८३१ पासून तेथेच निघत असे. त्याच बोस्टनमध्ये सेरा रॉबर्ट्स या लहान काळ्या मुलीला आपल्या शाळेला जाताना वाटेत गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडाव्या लागत. तिच्या बापाने फिर्याद केली. चार्ल्स सम्नर यांच्यासारखा थोर वक्ता तिच्या बाजूने उभा राहिला. त्यांच्या जोडीला रॉबर्ट मॉरिस हे काळे वकील होते. तरीही त्या संस्थानाच्या वरिष्ठ न्यायालयाने १८५० साली निकाल दिला तो मुलीच्या विरुद्ध. शाळा वेगळ्या ठेवण्याचा शाळा-समितीला अधिकार आहे, असा तो निकाल. १८५५ साली तेथील विधिमंडळाने कायदा बदलून ही लाज झाकली. पण निकाल कागदावर राहिलाच. १८९६ साली ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केले, त्या वेळी आधार म्हणून या बोस्टनच्या निकालाचा हवाला देण्यात आला. दक्षिणेने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जे शस्त्र वापरले, त्याचे पाते असे उत्तरेत घडलेले होते.

पैशाची गोष्ट तर याहून सरळ आहे. मॅसॅच्युसेट्समधील लॉवेलच्या कापडगिरण्या दक्षिणेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत. गिरणीमालकाने चाबूक हाती धरला नाही, एवढाच काय तो फरक. यादवी युद्धात दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत त्या चार वर्षांत जी शेअरबाजी माजली आणि १८६५ साली युद्ध संपताच जी दिवाळी निघाली, तिच्या कथा मुंबईच्या प्रत्येक इतिहासात सापडतात. मिसिसिपीतील गुलामाचे भवितव्य आणि मुंबईच्या सट्टेवाल्याची तिजोरी यांची गाठ अशी एकाच सुताने बांधलेली होती.

धर्मसंस्थेनेही वेगळे वळण घेतले नाही. मेरीलँड येथील जेझुइट फादरांनी १८३८ साली आपल्या मालकीचे २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली, आणि त्या पैशातील काही भाग जॉर्जटाउन येथील त्यांच्या विद्यापीठाचे कर्ज फेडण्यात गेला. या गोष्टीबद्दल जाहीर क्षमायाचना झाली ती २०१७ साली. यापेक्षाही ऑगस्टस टॉल्टन यांचे चरित्र अधिक बोलके आहे. मिझुरीत १८५४ साली गुलामीत जन्मलेला हा मुलगा. त्याची आई युद्धाच्या धामधुमीत लेकरांना घेऊन नदी ओलांडून इलिनॉय संस्थानात, म्हणजे लिंकनच्या भूमीत, पोहोचली. मुलाला पाद्री व्हावयाचे होते. अमेरिकेतील एकही सेमिनरी त्याला घेईना. शेवटी त्याला रोमला जावे लागले, आणि १८८६ साली तेथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. आफ्रिकेत धाडतील अशी त्याची अपेक्षा होती. धाडले ते परत इलिनॉयलाच, क्विन्सी या त्याच्या गावी. तेथे त्याच्या प्रवचनाला गोरे लोकही येऊ लागले, आणि शेजारच्या पॅरिशमधील गोऱ्या धर्मगुरूला ते सहन झाले नाही. टॉल्टनला ते गाव सोडून शिकागो गाठावे लागले. १८९७ साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, उष्माघाताने त्याचा अंत झाला. २०१९ साली रोमने त्याला ‘पूजनीय’ ही पदवी दिली. गोव्यातील चर्चांच्या कॉन्फ्रारियांचा आणि त्यांत कोणाला प्रवेश होता व कोणाला नव्हता याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना क्विन्सीच्या त्या पॅरिशचे फारसे नवल वाटू नये.

उलट उदाहरण पाहावयाचे तर ते दक्षिणेतच सापडते. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी आपल्या शाळांत काळी-गोरी मुले एकत्र बसविण्याचे ठरविले, आणि त्याला आडवे येणाऱ्या तीन वजनदार गोऱ्या कॅथलिकांना १९६२ साली धर्मबहिष्कृत केले. त्यांनी हे पाऊल उशिरा उचलले, अशी टीका तेव्हाही झाली. पण उचलले खरे.

आता शिकागोकडे वळावयास हवे, कारण या विषयाचा खरा गाभा तेथे आहे. दक्षिणेतील जाच सोसवेना म्हणून १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळे लोक उत्तरेकडे व पश्चिमेकडे निघून गेले. १९१० साली शिकागोत त्यांची वस्ती ४४ हजार होती. १९६० साली ती आठ लाखांवर गेली. या शहरात ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी पाणपोईवर नव्हती. तिची गरजच नव्हती. सरकारने १९३३ साली गृहकर्जांसाठी एक संस्था स्थापन केली. तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले आणि ज्या वस्तीत काळे लोक राहात ती तांबड्या रंगाने रंगविली. १९३४ साली निघालेले फेडरल गृहनिर्माण खाते अशा वस्तीतील कर्जांना हमी देत नसे. हमी नाही म्हणून बँक कर्ज देत नसे. नकाशावरील तांबडा रंग कोणाच्या तोंडून शिवी होऊन बाहेर पडला नाही; तो कचेरीच्या टेबलावर मुकाट्याने पडून राहिला, आणि आपले काम करीत राहिला.

या कामाची रीत शिकागोच्या लॉनडेल वस्तीत नीट पाहावयास मिळते. एखादा दलाल गोऱ्यांच्या आळीत जाऊन काळे लोक येत असल्याची हूल उठवी. घाबरलेला गोरा मालक घर मिळेल त्या किमतीला विकून मोकळा होई. तेच घर दलाल एखाद्या काळ्या कुटुंबाला दुप्पट किमतीने देई. आणि तेही खरेदीखताने नव्हे, तर हप्त्यांच्या कराराने. शेवटचा हप्ता पुरा होईपर्यंत घर दलालाचेच. मधला एक हप्ता चुकला की घर गेले, आणि तोवर भरलेली सारी रक्कमही गेली. मग तेच घर पुन्हा दुसऱ्याला. बिचारा घरवाला दोन-दोन नोकऱ्या करी, खोल्यांत पोटभाडेकरू ठेवी, दुरुस्तीला पैसा उरत नसे. आणि पडक्या भिंती पाहून पलीकडचे गोरे म्हणत, ‘पाहा, हे लोक आले की वस्तीची कशी रया जाते!’ आपल्याकडील सावकारी खतांची ज्यांना माहिती आहे, त्यांनी या कराराची कलमे वाचली तर ओळखीच्या माणसाची गाठ पडल्यासारखे वाटेल. १९६८ साली या हप्तेवाल्यांनी आपली संघटना बांधून हप्ते रोखून धरले. त्यांना एकत्र आणण्यात एका तरुण जेझुइट विद्यार्थ्याचा व तेथील पॅरिशचा हात होता, हे टॉल्टनच्या कथेनंतर सांगितले पाहिजे.

जानेवारी १९६६ मध्ये डॉ. मार्टिन लूथर किंग हे याच लॉनडेलमध्ये एका मोडक्या घराच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड करून राहिले. दक्षिणेत जो लढा झाला तो उत्तरेतही झाला पाहिजे, असा त्यांचा हेतू होता. ५ ऑगस्ट रोजी त्यांनी मार्केट पार्क या गोऱ्या वस्तीत मोर्चा नेला. मोर्चात काळ्यांबरोबर गोरे होते, कॅथलिक फादर होते, सिस्टर्स होत्या. समोर हजारोंचा जमाव होता. दगड, बाटल्या, फटाके यांचा वर्षाव झाला. मोटारी जाळल्या, उलटविल्या, तळ्यात ढकलल्या. एक दगड खुद्द किंग यांच्या डोक्यास लागून ते गुडघ्यावर बसले. दगड फेकणाऱ्यांतील पुष्कळजण रविवारी मिस्साला जाणारे होते, आणि समोर जपमाळ घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरला ओळखू येईल इतक्या जवळून त्यांनी ते फेकले. इतका द्वेषाने भरलेला जमाव आपण मिसिसिपीत आणि अलाबामातही पाहिला नाही, असे उद्गार किंग यांनी नंतर काढले. या वाक्याने उत्तरेतील वर्तमानपत्रांना जो धक्का बसला, त्यातच सारे आले. वर्षभरापूर्वी, मार्च १९६५ मध्ये, अलाबामातील सेल्मा येथे मोर्चेकऱ्यांवर लाठ्या पडल्या तेव्हा याच पत्रांनी दक्षिणेला सभ्यतेचे धडे दिले होते.

मार्केट पार्कमधील जमावाला सैतान ठरवून हात झटकणे मात्र सोपे आहे. हे लोक लिथुएनियन, पोलिश, आयरिश कामगारांची मुले. आयुष्याची सारी कमाई त्यांनी एका लहानशा घरात घातलेली. आणि काळा शेजारी आला की त्या घराची किंमत कोसळणार, हे भय त्यांच्या मनात भरविणारे दलाल, बँका व सरकारी नकाशे. दगड त्यांच्या हातात होता, हे त्यांचे पाप. पण नकाशे रंगविणारे मार्केट पार्कमध्ये राहात नव्हते. ते रम्य उपनगरांत राहात, जेथे मोर्चा पोहोचतच नाही.

याचा पुरावा पुन्हा बोस्टननेच दिला. जून १९७४ मध्ये फेडरल न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला की, शहराच्या शाळा-समितीने काळ्या मुलांना जाणूनबुजून वेगळे ठेवले आहे. यापुढे बसगाड्यांनी मुलांची अदलाबदल करून शाळा मिश्र कराव्यात. निकाल न्यायाचाच होता. पण अदलाबदल ठरली ती मुख्यतः रॉक्सबरी आणि साउथ बोस्टन यांच्यात. एक शहरातील गरीब काळ्यांची वस्ती, दुसरी गरीब आयरिश कॅथलिकांची. सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा काळ्या मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले, आणि आत बसलेल्या मुलांच्या केसांत काचा अडकल्या. त्याच जुलैत सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइटच्या दाव्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले होते की, सधन उपनगरांना अशा योजनेत ओढता येणार नाही. न्यायाधीश गॅरिटी स्वतः वेल्झ्ली नावाच्या अशाच एका उपनगरात राहात. साउथ बोस्टनच्या बायकांनी ही गोष्ट त्यांना कधी विसरू दिली नाही, आणि एवढ्यापुरते तरी त्यांचे चुकीचे नव्हते. कार्डिनल मेदेइरोश, हे अझोर बेटांत जन्मलेले पोर्तुगीज, यांनी आपल्या पॅरिश-शाळा पळवाट म्हणून वापरू देऊ नयेत असा हुकूम काढला. तो सर्वत्र पाळला गेला नाही. ५ एप्रिल १९७६ रोजी बोस्टनच्या नगरभवनासमोर एका गोऱ्या तरुणाने राष्ट्रध्वजाची काठी भाल्यासारखी धरून एका काळ्या वकिलावर धाव घेतली. त्या क्षणाच्या छायाचित्राला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ‘लिबरेटर’ छापले गेले ते याच शहरात.

दारिद्र्याच्या बाबतीतही असाच सोयीचा भूगोल रचला गेला. केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया या भागांतील अ‍ॅपलॅचियन डोंगरात राहणाऱ्या गरीब गोऱ्यांना ‘हिलबिली’ म्हणजे डोंगरातले गावंढळ म्हणून हिणविणे हा अमेरिकेत सभ्य माणसालाही चालणारा विनोद आहे. ते आळशी, दारुडे, भांडखोर आणि म्हणून दरिद्री, असे सिनेमा व हास्यचित्रे सांगत आली. हे दारिद्र्य आले कोठून, ते पूर्व केंटकीतील वकील हॅरी कॉडिल यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कंपन्यांच्या अडत्यांनी डोंगरकऱ्यांकडून जमिनीखालील कोळशाचे हक्क लिहून घेतले. कित्येकदा एकरी पन्नास सेंट इतक्या भावाने. सही करणाऱ्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती. वरची जमीन आपलीच राहील, असे त्यांना वाटले. पुढे बुलडोझर आले, आणि डोंगराचा माथाच खरवडून कोळसा काढण्याची रीत आली. तेव्हा त्याच जुन्या कागदाच्या जोरावर कंपनीने वरची शेते, फळबागा, कबरीसुद्धा उलथून टाकल्या. १९६५ च्या नोव्हेंबरात नॉट जिल्ह्यातील एक वृद्ध विधवा आपल्या जमिनीवर बुलडोझरपुढे जाऊन बसली. पोलिसांनी तिला हातापायांना धरून उचलून नेले. या कागदांचा जोर केंटकीच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून मोडला तो १९८८ साली. तोवर निघालेला कोळसा उत्तरेच्या पोलादाच्या भट्ट्यांत आणि वीजघरांत जळून गेला होता. ज्यांच्या घरात त्या विजेचा दिवा लागला, त्यांनीच त्या दिव्याखाली बसून हिलबिलीवरचे विनोद वाचले.

पोट भरण्यासाठी यांतील हजारो लोक शिकागोच्या अपटाउन वस्तीत आले. काळ्यांना जी वागणूक मिळे तिची पातळ आवृत्ती त्यांना मिळाली: तीच घाणेरडी घरे, तेच पोलीस, त्याच तक्रारी. तेथील काही तरुण, ज्यांच्या जाकिटावर दक्षिणेचा जुना युद्धध्वज शिवलेला असे, १९६९ साली फ्रेड हॅम्प्टन यांच्या काळ्या संघटनेबरोबर एका फळीत उभे राहिले. शहरातील सुशिक्षितांना हे चित्र कोणत्याच कप्प्यात बसविता येईना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हॅम्प्टन पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, आणि तो प्रयोग तेथेच खुंटला.

जानेवारी १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि एप्रिलमध्ये ते पूर्व केंटकीतील एका बेकार माणसाच्या ओसरीवर जाऊन बसले. त्यांच्यामागून छायाचित्रकारांची रीघ लागली. त्या काळी नियतकालिकांतील गरीब माणूस बहुधा गोरा आणि डोंगरातला असे, व त्याच्याविषयीचा सूर कळवळ्याचा असे. राज्यशास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांनी १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, १९६५ नंतर हा चेहरा झपाट्याने काळा झाला, आणि सूरही बदलला. गरिबांत संख्येने गोरेच अधिक होते, काळ्यांत गरिबीचे प्रमाण अधिक होते; पण चित्रांतून समजूत झाली ती अशी की, गरीब म्हणजे काळा आणि काळा म्हणजे सरकारच्या जिवावर जगणारा.

डोंगरातील माणसाला आपले चित्र काढले जाते म्हणजे काय होते, हे पुरते कळून चुकले होते. सप्टेंबर १९६७ मध्ये ह्यू ओ’कॉनर हे कॅनडातील चित्रपटकार केंटकीच्या लेचर जिल्ह्यात आले. अमेरिकन जीवनाची सर्व अंगे दाखविणारा एक चित्रपट पुढील वर्षीच्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार होत होता. कोळशाने काळवंडलेला एक खाणकामगार मुलाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसला होता. त्याच्या संमतीने त्यांनी चित्रण केले. घर भाड्याचे होते. घरमालक बंदूक घेऊन आला, त्याने त्यांना चालते होण्यास सांगितले, आणि ते सामान उचलून जात असताना गोळ्या झाडल्या. ओ’कॉनर तेथेच मरण पावले. ते गरिबांचे हितचिंतक होते, खाणकामगाराची त्यांनी परवानगी घेतली होती. तरीही आपल्या गावाची जगापुढे पुन्हा एकदा शोभा होणार, या एकाच भावनेने पेटलेल्या म्हाताऱ्याच्या हातून त्यांची हत्या झाली. गावातील पुष्कळांची सहानुभूती खुन्याकडे होती. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढे त्याने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि एक वर्ष भोगून तो सुटला.

त्याच जिल्ह्यात, व्हाइट्सबर्ग या गावी, १९६९ साली सरकारी मदतीने एक लहानसे चित्रपट-प्रशिक्षणकेंद्र निघाले. डोंगरातील मुलांना धंदा शिकवून बाहेर नोकरीस धाडावे, ही त्यामागील कल्पना. मुले कॅमेरा चालविण्यास शिकली आणि बाहेर गेलीच नाहीत. त्यांनी आपल्या आयाबहिणींची, खाणींची, प्रवचनांची, गाण्यांची, संपांची चित्रे काढली. याच केंद्रातील एलिझाबेथ बॅरेट या त्या मुलखातल्या बाईंनी २००० साली ओ’कॉनर यांच्या हत्येवर चित्रपट काढला. त्यात खुन्याचे नातलगही बोलतात आणि ओ’कॉनर यांची मुलगीही बोलते. जुलै २०२२ मधील महापुरात या केंद्राची इमारत बुडाली व पन्नास वर्षांच्या फिती चिखलात गेल्या. त्या एकेक करून बाहेर काढून, कुजू नयेत म्हणून गोठवून, धुऊन वाळविण्याचे काम गावातील माणसांनीच हाती घेतले.